मामा डिस्कवरच आहेत

आमचे सर कुणालाही काही सांगायला लागले की दोन-तीन वाक्यांनंतर थांबायचे, समोरच्याच्या तोंडाकडे बघायचे आणि विचारायचे, "किती पोचलं?"

पहिल्यांदा हा प्रश्न माझ्यावर आला तेव्हा मी नोकरीत नवी होते आणि मला तो चक्क अपमान वाटला. मी तोंड फुगवून म्हटलं, "सगळं पोचलं, सर." त्यावर ते इतके खूश झाले की मला वाटलं, आता पगार वाढवतात. "असं? मग माझं शेवटचं वाक्य सांग बघू." मला ते सांगता येईना. मग जराही न रागावता, माझं लक्ष जिथे उडालं होतं नेमकं तिथून त्यांनी पुन्हा सुरुवात केली. पहिल्यापासून नाही. पहिल्यापासून सांगणं म्हणजे त्यांच्या मते सांगणाऱ्याचा आळस होता.

हे सगळं वसईजवळच्या सातिवलीतलं. एका बाजूला खिळ्यांचा कारखाना, दुसऱ्या बाजूला प्लास्टिकच्या बादल्या-मगांचा, आणि मधल्या गाळ्यात आम्ही. मोठ्या हार्ड डिस्क कॉम्प्युटरला जोडायचं कार्ड आम्ही बनवायचो. पुढच्या खोलीत बायका सोल्डरिंग करायच्या आणि मागच्या खोलीत सर आणि मी त्या कार्डाचा ड्रायव्हर लिहायचो, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमला हे कार्ड कसं वापरायचं ते सांगणारा प्रोग्रॅम. आईनं आमच्या नालासोपाऱ्याच्या सोसायटीत "मुलगी कॉम्प्युटरमध्ये आहे" एवढंच सांगून ठेवलं होतं आणि ते पुरेसं होतं.

सर वसईतल्या होळी नावाच्या भागाजवळच्या वाडीतले. घरची केळी, घरची पानवेल, आणि घराण्यात गेल्या कितीतरी पिढ्यांत कुणी कॉम्प्युटरला हात लावलेला नाही. ऐन उमेदीची वर्षं त्यांनी मुंबईत खोलीएवढाले कॉम्प्युटर सांभाळण्यात घालवली. पुढे ते कॉम्प्युटर मोडीत निघाले. "मी आणि मशीन एकाच टेम्पोतून बाहेर पडलो," असं ते सांगायचे, आणि सांगताना त्यांना कसलंही दुःख होत नसे. शर्टाच्या खिशात जपमाळ आणि टेस्टर एकत्र असायचे. फादरांशी बोलता बोलता त्यांनी एकदा खिशातून जपमाळेऐवजी टेस्टर काढून त्याचं चुंबन घेतलं होतं, असं त्यांच्याच बायकोनं मला सांगितलं. ती खोटं बोलणारी बाई नव्हती.

त्यांचं सगळं आयुष्य एकाच प्रश्नाभोवती फिरायचं. वरून मोठी मागणी आली आणि खालच्याला तेवढं उचलता येत नसेल, तर मधल्यानं काय करायचं? प्रोग्रॅम हा जात्याच आडदांड. तो म्हणतो, हे सगळं एकदम लिही. कार्डाला एका वेळी ठरावीकच माल घेता येतो. मधे बसलेल्या ड्रायव्हरनं त्या मागणीचे तुकडे करायचे, एकेक खाली द्यायचा, किती घेतलं ते विचारायचं आणि जिथे थांबलं तिथून पुढचा द्यायचा. काही ड्रायव्हर मोठी मागणी बघून सरळ नाही म्हणतात. सरांना ते उद्धट वाटायचे, पण प्रामाणिक. त्यांचा खरा राग असायचा तो जेवढं मावलं तेवढं लिहून, उरलेलं टाकून देऊन, वर "झालं" म्हणून मोकळं होणाऱ्यांवर. "पाहुण्यानं अर्धी पोळी खाल्ली न खाल्ली तोच वाढणारा सांगत सुटतो, पंगत उठली. असल्या माणसाला वाढायला ठेवायचं नाही आणि असल्या ड्रायव्हरला डिस्कजवळ येऊ द्यायचं नाही, बाय." मला ते नेहमी बाय म्हणायचे. पुढे ही वाक्यं मला इतकी पाठ झाली की माझ्या साखरपुड्यात मी वाढप्यांना दोनदा टोकलं.

चर्चमधल्या रविवारच्या मिस्सेनंतर ते एकदा फादरांपाशी गेले आणि अत्यंत नम्रपणे म्हणाले, "फादर, तुमच्या गोष्टीतला उधळ्या पुत्र घरी परत निघाला तिथपर्यंत माझ्यापर्यंत पोचलं. पुढच्या रविवारी तिथून सांगाल का?" फादर हसले, पण पुढच्या रविवारी प्रवचन निम्म्यावर आलं. सगळा गाव सरांना दुवा देत होता. सर मात्र नाराज होते. "मी लहान करा म्हटलं नव्हतं," ते मला म्हणाले. "तुकडे करा म्हटलं होतं. उरलेला पुत्र गेला कुठे?"

पाचूबंदरला मासळी घ्यायला जाताना त्यांची पिशवी लहानशी असायची. तिथली एक म्हातारी त्यांची ठरलेली. ती सवयीनं अख्खा वाटा उचलून पिशवीत ओतायला जायची आणि सर पिशवीचं तोंड धरून म्हणायचे, "थांब, आधी पिशवीला विचार." म्हातारी आजूबाजूच्या बायकांना सांगायची, "मानूस शिकलेला हाय, पन पिशवीशी बोलते." तरीही ती थांबायची, थोडे बोंबील घालायची, पिशवीत डोकावायची, पुन्हा थोडे घालायची. बाकी कुठल्याच गिऱ्हाइकासाठी तिनं एवढा वेळ दिला नसता.

आमच्या शेठना या सगळ्याचा वैताग होता. शेठ वाईट नव्हते, पण त्यांना कार्ड विकायचं होतं आणि जाहिरातीच्या कागदावर 'एका झटक्यात' हे शब्द छापायचे होते. "सर, एकदम घेऊन टाका ना, तुकडे तुकडे काय करता? गिऱ्हाईक काय म्हणेल?" सर विचारायचे, "शेठ, तुम्ही जेवता कसे? एकदम?" शेठ केबिनमध्ये जायचे आणि मग तिथून फोनवर कुणावर तरी ओरडायचे.

चूक सापडली की सर आनंदानं वेडे व्हायचे. माझी असो, त्यांची असो, ऑपरेटिंग सिस्टिमची असो. दुसऱ्या दिवशी घरून सुकेळी यायची, म्हणजे उन्हात वाळवलेली केळी, पानात बांधलेली, मधासारखी गोड, आणि सोल्डरिंगच्या बायकांपासून वॉचमनपर्यंत सगळ्यांना वाटली जायची. आमच्या गाळ्यात काहीतरी चुकलंय हे आजूबाजूच्या कारखान्यांना वासावरून कळायचं. मी अनेक ठिकाणी नोकऱ्या केल्या. चूक सापडल्यावर माणसं एकमेकांकडे बोटं दाखवताना पाहिली, तोंडं लपवताना पाहिली. गोड वाटताना फक्त सरांना पाहिलं आणि त्यासाठी ते मला आजही फार आवडतात.

माझ्या लग्नाचं शूटिंग आमच्याच कार्डावर झालं. वसईतला एक स्टुडिओवाला आमचं कार्ड वापरून बघत होता. कॅमेऱ्यातली कॅसेट तो कॉम्प्युटरच्या डिस्कवर उतरवायचा, तिथे कापाकापी करायचा आणि पुन्हा व्हीसीआरच्या कॅसेटवर भरून गिऱ्हाइकाला द्यायचा. माझं लग्न त्यानं प्रेमानं केलं आणि मूळ कॅसेट पुसून दुसऱ्याच दिवशी एक मुंज शूट केली. त्याची ती पद्धतच होती.

कॅसेट आली तेव्हा शेजाऱ्यांचा व्हीसीआर आणून आम्ही सगळे आईच्या घरी जमलो. माझा मामा सगळ्यांत पुढे. आईचा हा एकुलता एक भाऊ, विरारला राहणारा, बस डेपोत कंट्रोलर. मोठा आवाज, लहान उंची आणि नाकाच्या शेंड्यावर राग. लग्नात त्यानंच मला गौरीहरापासून मांडवात आणलं होतं आणि मंगलाष्टकं होईपर्यंत तोच माझ्या मागे उभा होता. त्यानंतर तो जेवणाच्या व्यवस्थेत जो घुसला तो शेवटची पंगत उठेपर्यंत बाहेर आला नाही.

टीव्हीवर मी गौरीहर पूजत होते. मग मुलांनी वाटेत फुलं उधळली, चित्र फिसकटलं, आणि मी एकदम मांडवात. अंतरपाट धरलेला. माझी आत्या माइकसमोर मंगलाष्टक म्हणते आहे, गळ्याच्या शिरांसकट. "शुभमंगल सावधान" झालं, कॅमेरा आमच्याकडे वळला, अक्षता उडाल्या, चित्र फिसकटलं, आणि पुन्हा आत्या. असं प्रत्येक कडव्याला. शेवटी एकदम माझ्या गळ्यात हार. मामा कुठेच नाही. ना येताना, ना मागे उभा असताना. आत्या मात्र सगळ्या कडव्यांत पूर्ण.

मामा उठला. त्यानं चपला घातल्या आणि दारातून बाबांना म्हणाला, "मला कापायचंच होतं तर आधी सांगायचं. मी आलोच नसतो." आई जिन्यापर्यंत धावली. तो थांबला नाही.

आम्ही समजावायला गेलो तर त्यानं दार उघडलं नाही. राखीपौर्णिमेला आई सकाळपासून आंघोळ करून बसली होती. दुपार टळली तेव्हा तिनं राखी देवघरातल्या बाळकृष्णाला बांधली आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच डबे घासायला काढले. आईला वडील नव्हते, आई नव्हती, माहेर म्हणून जे काही होतं ते हा एक चिडका माणूस होता. श्रावण गेला, गणपती गेले, दसरा गेला. मामा काही बोलेना. भाऊबीज तोंडावर आली आणि आई म्हणाली, "यंदा चंद्राला ओवाळीन. ज्यांना भाऊ नसतो त्या ओवाळतातच की." ते ऐकल्यावर मी ऑफिसात आले ती डोळे लाल करूनच.

काय झालं ते सांगितल्यावर सोल्डरिंगच्या बायका हळहळल्या, शेठ म्हणाले, "स्टुडिओवाल्याची चुकी." सरांनी मात्र विचारलं, "मामा कधी दिसत नाहीत?"

"कधीच नाही, सर. तेच तर सांगते आहे."

"कधीच नाही, हे उत्तर नाही. कधी कधी दिसायला हवे होते ते सांग."

मी कॅसेट आणली. शेठच्या केबिनमधल्या टीव्हीवर आम्ही माझं लग्न पुन्हा लावलं. मी आत्याकडे खाऊ की गिळू असं बघत होते. सर मान वाकडी करून भलतंच काहीतरी बघत होते. थोड्या वेळानं ते म्हणाले, "बाय, तुझे मामा कुणी कापले नाहीत. फुलं किंवा तांदूळ उडाले की चित्र मोडतंय. आणि मामा फक्त ते उडत असतानाच आहेत."

मग त्यांनी मला ते तुकड्या-तुकड्यानं समजावलं. चित्र डिस्कवर लिहिण्याआधी आवळून लहान करतात. मागे नुसती भिंत असली की ते चटकन आवळलं जातं. हवेत मूठमूठ अक्षता उडाल्या की प्रत्येक दाण्याची नोंद ठेवावी लागते, मग ते आवळलं जात नाही, फुगतं. फुगलेलं चित्र कार्डाच्या मर्यादेबाहेर जातं. मर्यादेबाहेर गेलं की ड्रायव्हर त्याचे तुकडे करतो. "आणि ड्रायव्हरमधलं तुकडे करण्याचं काम कुणाचं?" सर उठून उभे राहिले. त्यांचा चेहरा उजळला होता. "माझं. चूक माझ्याकडे आहे." एखाद्यानं मुलीचं लग्न ठरल्याची बातमी द्यावी तशा आवाजात त्यांनी हे सांगितलं.

खात्री करायची तर अक्षता हव्या होत्या. शेठच्या टिफिनवाल्या बाईकडून तांदूळ आले, सोल्डरिंगच्या टेबलावरच त्यांना कुंकू लावलं. कॅमेरा स्टुडिओवाल्याकडून आला आणि कॉम्प्युटरला जोडला गेला. मी पुन्हा नवरी, वॉचमन मामाच्या जागी. बायकांना इतका चेव आला की एकीनं खरोखरचं मंगलाष्टक सुरू केलं. सर मात्र मांडवाकडे पाठ करून, गुडघ्यावर बसून, कॉम्प्युटरच्या डब्याला कान लावून होते. तेव्हाच्या डिस्क आवाज करायच्या आणि सरांना तो आवाज समजायचा. "सावधान" झालं, बायकांनी मुठी मोकळ्या केल्या, आणि नेमके त्याच वेळी शेठ दार उघडून एका गिऱ्हाइकाला घेऊन आत आले. दोघेही नखशिखांत तांदळानं न्हाले.

"सर, हे काय चाललंय?"

"शेठ, हलू नका. अजून एक मूठ टाका गं."

बायकांनी टाकली. सरांनी डोळे मिटले. मग हळूच म्हणाले, "ऐकलंस, बाय? एरवी हिची सुई जागच्या जागी कुरकुरते. तांदूळ उडाले की खाडकन लांब उडी मारते आणि परत येते. ही मांडव सोडून जाते कुठे?"

ती जात होती भलत्याच ठिकाणी. चित्राचा पहिला तुकडा बरोबर जागी लिहिला जायचा. उरलेला तुकडा कुठे लिहायचा त्याचा पत्ता काढताना सरांनी सुरुवातीच्या जागेचा आकडा बेरजेत एकदा मिळवला होता आणि पुढच्याच ओळीत पुन्हा एकदा मिळवला होता. त्यामुळे तो तुकडा डिस्कवर कुठल्या कुठे, रिकाम्या भागात जाऊन पडायचा. आम्ही तपासण्या केल्या होत्या त्या सगळ्या कोऱ्या डिस्कच्या अगदी आरंभापासून, आणि आरंभाची जागा शून्य. शून्य एकदा मिळवा की दोनदा, काय फरक पडतो? सर टेबलावर थाप मारून हसले. मग हसू ओसरलं आणि ते स्वतःशीच म्हणाल्यासारखं म्हणाले, "किती गेलं ते मी जन्मभर विचारत राहिलो. कुठे गेलं ते विचारायचं राहूनच गेलं."

त्या दिवसापासून त्यांच्या प्रश्नाला शेपूट फुटलं. "किती पोचलं?" झालं की "आणि कुठे पोचलं?" हेही ते विचारायला लागले. मागे एकदा मी त्यांच्या वाडीत गेले होते, तेव्हा केळीला पाणी सोडणाऱ्या गड्याला ते हाच प्रश्न विचारत होते. गड्यानं शांतपणे बोट दाखवून पाट कुठवर भरला ते दाखवलं. त्यालाही सवय झाली असणार.

पण त्या दिवशी मला गड्याचं नव्हतं पडलेलं. मी विचारलं, "सर, मग मामा?"

"मामा डिस्कवरच आहेत. पत्ता चुकलाय. मधल्या काळात त्यांच्या अंगावर दुसरं कुणी लिहिलं नसेल तर सापडतील."

मी स्टुडिओवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "मॅडम, ती डिस्क तशीच पडलीय, मुंज दुसरीवर उतरवली होती. आता तुळशीच्या लग्नानंतर सीझन चालू होईल, त्याच्या आधी सगळी साफ करणार आहे." मी फोनवरच त्याच्यावर ओरडले की डिस्कला हात लावशील तर बघ. सरांनी छातीवर क्रूस केला. "तुमच्या चातुर्मासानं वाचवलं, बाय. मध्ये एखादं लग्न असतं तर मामांच्या डोक्यावर आज बँडवाले बसले असते."

डिस्क त्याच संध्याकाळी आमच्या गाळ्यात आली. पण तिला हात लावण्याआधी सरांनी हट्ट धरला की ते आधी मामाला भेटणार. मी म्हटलं, "सर, तो दार उघडत नाही. आणि उघडलं तर वाईट बोलतो." ते म्हणाले, "चूक माझी आहे. ती दुसऱ्याच्या नावावर चार महिने हिंडते आहे. आधी ती घरी आणायला हवी."

विरारला आम्ही गेलो. अनोळखी माणूस बघून मामानं दार उघडलं आणि मला बघून बंद करणार तेवढ्यात सर म्हणाले, "मामा, तुम्हाला मी हरवलं. तिच्या घरच्यांनी नाही." या वाक्यानं मामा गोंधळला आणि त्या गोंधळात आम्ही आत जाऊन बसलो. पाणी मिळालं. चहाचं कुणी विचारलं नाही.

सरांनी सुरुवात केली. चित्र फुगतं, कार्डाची मर्यादा, तुकडे. मग थांबले. "किती पोचलं?"

मी मनात म्हटलं, आता संपलं. मामाची कानशिलं तांबडी झाली. "मला काय बिनडोक समजता? गाडीत माणसं बसतील तेवढी बसवली आणि उरलेल्यांना दुसरी गाडी लावली. ह्यात न पोचण्यासारखं काय आहे? माझा जन्म गेला त्याच्यात."

"बरोबर," सर म्हणाले. ते एकदम सरसावून बसले. "आणि ती दुसरी गाडी मी भलत्याच गावाला सोडली."

मामानं स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. "आणि मी दुसऱ्या गाडीत."

"तुम्ही आणि सगळ्या अक्षता."

"पॅसेंजरनी बोंब नाही मारली?"

"पोचलो म्हणाले. पोचले होतेच. फक्त दुसरीकडे."

मामानं माझ्याकडे पाहिलं, चार महिन्यांत पहिल्यांदा. मला वाटलं विरघळला. पण कंट्रोलर तो. "हे सगळं ठीक आहे," तो सरांना म्हणाला. "असं सांगायला काय, कोणीही सांगेल. गाडी परत आणून दाखवा. मग बघू." मग आत बघून मामीला म्हणाला, "चहा टाक."

पुढचे दिवस सर डिस्कसमोर बसून होते. प्रत्येक मोडक्या चित्राचा पत्ता घ्यायचा, सुरुवातीच्या जागेचा आकडा त्यात पुन्हा एकदा मिळवायचा, तिथे जाऊन उरलेला तुकडा आहे का बघायचं, असला तर उचलून जागेवर आणायचा. त्यासाठी त्यांनी एक लहानसा प्रोग्रॅम लिहिला आणि तो चालू असताना ते कॉम्प्युटरसमोरून हलायला तयार नसत. शेठ दर तासानं येऊन विचारत, "मामा मिळाले?" नव्या कार्डांची ऑर्डर अडलेली असूनही विचारत, हे मी त्यांच्या बाजूनं सांगून ठेवते. भाऊबीजेच्या आदल्या दिवशी स्टुडिओवाला नवी कॅसेट भरून घेऊन आला. मी बघायला मागितली. सर म्हणाले, "नको. ज्याची आहे त्यानं आधी बघायची."

भाऊबीजेला आईनं पाट मांडला नव्हता. मी मांडला. तिनं तो उचलून ठेवला. मी पुन्हा मांडला. सर सुकेळ्यांचा पुडा घेऊन आले आणि खुर्चीच्या कडेवर बसले. मग जिन्यात चपलांचा आवाज झाला आणि आई जिथे होती तिथेच उभी राहिली.

मामा आत आला. पाटाकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. "आधी कॅसेट," म्हणाला.

गौरीहर झालं. मुलांनी फुलं उधळली. चित्र फिसकटलं नाही. मामा मला धरून चालवत मांडवात आणत होता, मान ताठ, गर्दीला हातानं बाजूला सारत, अगदी डेपोत गाडी लावतात तसा. मामा खुर्चीत ऐसपैस झाला. मग अंतरपाट. आत्या गायली. "सावधान." अक्षता उडाल्या, एकेक दाणा वेगळा दिसत होता, आणि त्यांच्या पलीकडे, माझ्या खांद्यामागे, मामा रडत होता.

दुसऱ्या कडव्याला तो जास्त रडत होता. तिसऱ्याला त्यानं माझ्या शालूच्या पदरानं नाक पुसलं. शेवटच्याला त्याचा चेहराच दिसत नव्हता, माझ्या पाठीला टेकवलेलं कपाळ तेवढं दिसत होतं, आणि त्यावर चिकटलेल्या अक्षता. मला यातलं काहीही माहीत नव्हतं. मी अंतरपाटाकडे बघत होते. पाठीला काहीतरी लागल्यासारखं वाटलं होतं, पण गर्दी आहे, कुणाचा तरी धक्का, असं समजून मी मागे वळलेसुद्धा नव्हते.

खोलीत फक्त सर बोलत होते. ते टीव्हीच्या इतके जवळ गेले होते की त्यांच्या नाकाला काच लागत होती. मामाकडे त्यांचं लक्षच नव्हतं. "बघ, बाय," ते बोटानं दाखवत होते, "हा दाणा बघ. हा बघ. हा इथे पडतोय तो. सगळे आहेत. एक कमी नाही."

मामानं घसा खाकरला. मग कुणाकडेही न बघता, नेहमीच्या त्याच्या आवाजापेक्षा कितीतरी लहान आवाजात, त्यानं सरांना विचारलं, "एवढं कापता येईल का?"

सर वळले. त्यांना प्रश्न समजलाच नव्हता. ते उत्तर द्यायच्या आत आईनं रिमोट उचलला, कॅसेट मागे घेतली आणि पुन्हा पहिल्या कडव्यापासून लावली. मग ताट हातात घेऊन म्हणाली, "दादा, बस पाटावर."

मामा बसला. ओवाळताना आईचं लक्ष ताटाकडे नव्हतं, टीव्हीकडे होतं. निरांजन कललं, तूप मामाच्या परीटघडीच्या शर्टावर ओघळलं, आणि त्यानं शर्टाकडे न बघता कपाळ पुढे केलं.